व्याधी खरी, शस्त्राचे काय?

क्यूबाची राजधानी हवाना येथील अमेरिकन वकिलातीत काम करणाऱ्या काही जणांना २०१६ च्या अखेरीस एकाएकी कर्कश आवाज ऐकू आला, डोक्यावर विलक्षण दाब जाणवला आणि त्यानंतर भोवळ, कानांतील घणघण, निद्रानाश, विस्मरण अशा तक्रारींनी त्यांना ग्रासले. पुढे कॅनडाच्या वकिलातीतील मंडळींनीही हेच सांगितले. २०१८ मध्ये चीनमधील ग्वांगझू येथून, त्यानंतर व्हिएन्नाहून अशाच वार्ता आल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये सीआयएचे तत्कालीन प्रमुख विल्यम बर्न्स भारतभेटीस आले असता त्यांच्या पथकातील एकाने तीच लक्षणे सांगितल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. 'हवाना सिंड्रोम' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात रुग्ण पुष्कळ आहेत, संशयितही आहेत; निर्णायक पुरावा मात्र नाही.

संशयाचा रोख आहे तो सूक्ष्मलहरींचा झोत सोडणाऱ्या शस्त्रावर. ही कल्पना सर्वस्वी हवेतली नव्हे. स्पंदरूपाने सोडलेल्या सूक्ष्मलहरी माणसाच्या डोक्यावर पडल्या तर त्याला टकटक असा आवाज ऐकू येतो, हे अमेरिकन शास्त्रज्ञ ॲलन फ्रे यांनी १९६० नंतरच्या दशकाच्या प्रारंभीच दाखवून दिले होते. लहरींमुळे डोक्यातील पेशींचे तापमान अंशाच्या काही दशलक्षांश भागाने एकदम वाढते, पेशी किंचित प्रसरण पावतात व त्यातून उठणारी दाबाची लहर अंतर्कर्णापर्यंत पोहोचते. परंतु आवाज ऐकू येणे निराळे आणि मेंदूला कायमची इजा होणे निराळे. भिंतींआडच्या माणसाला दुरून नेमकी इजा करावयाची तर मोठी शक्ती व मोठी यंत्रसामग्री लागेल. अशी यंत्रसामग्री हवानात सापडली नाही. उलट, ज्या आवाजाचे ध्वनिमुद्रण हल्ल्याची खूण म्हणून जगभर ऐकविले गेले, तो एका जातीच्या रातकिड्याचा असल्याचे २०१९ मध्ये दोघा संशोधकांनी दाखविले.

तज्ज्ञांचे निष्कर्ष यापुढे एकमेकांना छेद देत गेले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील डॉक्टरांनी २०१८ मध्ये एकवीस रुग्ण तपासले. त्यांना डोक्याला मार न लागताही मार लागल्यासारखी लक्षणे दिसली. राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने डिसेंबर २०२० मध्ये, काही रुग्णांच्या बाबतीत स्पंदित सूक्ष्मलहरी हे सर्वांत संभाव्य कारण ठरते असे मत दिले. याउलट मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या बहुतेक गुप्तवार्ता संस्थांनी परकीय शत्रूचा हात असणे 'अत्यंत असंभाव्य' ठरविले. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थेने ऐंशीहून अधिक रुग्णांच्या मेंदूची चित्रे तपासून निरोगी माणसांच्या तुलनेत लक्षणीय फरक नसल्याचे जाहीर केले. मात्र त्यांचे हाल खरे आहेत, हेही स्पष्ट केले. जानेवारी २०२५ मधील फेरआढाव्यात बहुसंख्य संस्था आपल्या मतावर ठाम राहिल्या. दोन संस्थांनी तेवढे आपले मत बदलून अशा साधनाची शक्यता निम्मी-निम्मी मानली.

या गोंधळाचे मूळ विज्ञानाच्या मर्यादेत जितके आहे, तितकेच सरकारी गुप्ततेच्या जुन्या सवयीतही आहे. त्यासाठी मॉस्कोचा इतिहास पाहावा लागतो. तेथील अमेरिकन वकिलातीच्या इमारतीवर सोव्हिएत रशिया सूक्ष्मलहरींचा मारा करीत असल्याचे १९५३ पासून वॉशिंग्टनला ठाऊक होते. लहरींची तीव्रता अमेरिकन मर्यादेच्या पुष्कळच खाली होती. परंतु सोव्हिएत नियम अमेरिकन नियमांच्या सहस्रपट कडक होते आणि मारा कशासाठी होतो हेही कळत नव्हते. म्हणून १९६५ नंतर 'पँडोरा' नावाच्या गुप्त प्रकल्पात माकडांवर या लहरींचे प्रयोग झाले. खुद्द वकिलातीतील कर्मचाऱ्यांचे रक्त तपासण्यात आले, ते मात्र विषाणूंच्या पाहणीचे निमित्त पुढे करून. त्या इमारतीत बायकामुलांसह राहणाऱ्यांना खरी गोष्ट कळली ती १९७६ मध्ये. दोन वर्षांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील साथरोगतज्ज्ञ अब्राहम लिलिएनफेल्ड यांच्या पाहणीत लहरींमुळे अपाय झाल्याचा खात्रीलायक पुरावा आढळला नाही. परंतु वीस वर्षांहून अधिक काळ ज्यांना अंधारात ठेवले, त्यांनी या निर्वाळ्यावर विश्वास का ठेवावा? निष्कर्ष बरोबर असूनही तो पटू नये, ही गुप्ततेने वसूल केलेली किंमत होय.

हवानाच्या प्रकरणात या चुकीची निराळ्या रूपाने पुनरावृत्ती झाली. आरंभीच्या रुग्णांपैकी कित्येकांना वरिष्ठांनी विश्वासात घेतले नाही, उपचारांसाठी झगडावे लागले, अशा त्यांच्या उघड तक्रारी आहेत. दुसरीकडे, पुरावा हाती येण्यापूर्वीच राजकीय शिक्षा सुनावली गेली. २०१७ च्या शरदात हवानातील निम्म्याहून अधिक कर्मचारी माघारी बोलावण्यात आले, क्यूबाच्या पंधरा राजनैतिक अधिकाऱ्यांना वॉशिंग्टनमधून हाकलण्यात आले, आणि अध्यक्ष ट्रम्प यांनी क्यूबाच जबाबदार असल्याचे आपले मत बोलून दाखविले. हवानातील व्हिसाचे काम जवळपास थांबले. अमेरिकेतील आप्तांकडे जाऊ इच्छिणाऱ्या सामान्य क्यूबन माणसाला कर्ज काढून तिसऱ्या देशातील वकिलातीचे उंबरे झिजवावे लागले. ही व्यवस्था पूर्ववत होण्यास २०२३ साल उजाडले. ज्या अपराधाचा पुरावा नाही त्याचा दंड, ज्यांचा त्याच्याशी काडीमात्र संबंध नाही त्यांनी भरला.

रुग्णांच्या वाट्याला आलेली कोंडी याहून कमी क्रूर नव्हती. शस्त्राचा पुरावा मिळाला तरच व्याधी खरी, नाहीतर ती मनाची, असा विचित्र कौल त्यांच्यापुढे टाकला गेला. मानसिक ताणाने होणारी व्याधी म्हणजे ढोंग, हा समज वैद्यकशास्त्राने केव्हाच निकालात काढला आहे. भयाने आणि अनिश्चिततेने झोप उडते, तोल जातो, स्मरण मंदावते. त्या यातना लहरींनी झालेल्या यातनांइतक्याच खऱ्या असतात. तरीही मनाचे कारण सुचविताच रुग्णाला तो अपमान वाटतो, कारण कचेरीत त्याचा अर्थ 'काही झालेले नाही' असाच लावला जातो. साहजिकच रुग्ण शस्त्राच्या उपपत्तीला चिकटून राहतो, आणि मूळ शोधाचे काम अधिकच अवघड होते. ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थेला आपले संशोधन थांबवावे लागले, तेही काही रुग्णांच्या संमतीमागे बाहेरून आलेले दडपण होते असे आढळल्यामुळेच.

या काळोखात एक शहाणपणाचे पाऊल मात्र पडले. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेने केलेल्या कायद्याने अशा मेंदुविकाराने पीडित कर्मचाऱ्यांना आर्थिक साहाय्य देण्याची तरतूद केली आणि त्यासाठी हल्लेखोर कोण, हे सिद्ध होण्याची अट ठेवली नाही. दोन्ही पक्षांनी एकमुखाने मान्य केलेल्या या कायद्यामागील तत्त्व जगातील प्रत्येक सरकारने घ्यावे असे आहे. अपराधी कोण याचा निवाडा पुराव्याने व्हावा, त्याला लागेल तितका वेळ लागू द्यावा. कर्तव्यावर असताना आजारी पडलेल्या माणसाचे औषधपाणी त्या निवाड्यासाठी अडता कामा नये.

सरकारी नोकर आपल्या धन्याच्या शब्दावर विसंबून दूरच्या गावी जातो. तेथे धोका असेल तर तो त्याला सांगणे आणि धोका आहे की नाही हे ठाऊक नसेल तर तसेही सांगणे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. मॉस्कोत जे ठाऊक होते ते लपविले गेले. हवानात जे ठाऊक नव्हते ते ठाऊक असल्याचे भासविले गेले. त्या लहरी खऱ्या की खोट्या, याचा निकाल पुढे केव्हातरी लागेल. शासनाने गमावलेला विश्वास त्या निकालाने परत मिळणार नाही. तो आजच्या वागणुकीनेच मिळवावा लागेल.