हप्ता थकला म्हणून इज्जत गहाण पडत नाही

घेतलेलं कर्ज फेडलंच पाहिजे, याबद्दल माझा कुणाशी वाद नाही. माझा वाद आहे तो हप्ता थकला की सुरू होणाऱ्या फोनशी. सकाळी सातला, रात्री दहाला, तासाभरात आठ वेळा. आधी कर्जदाराला, मग त्याच्या मेहुण्याला, मग तो काम करतो त्या दुकानाच्या मालकाला. माझ्या ओळखीच्या घरांत मी हे पाहिलं आहे. कर्जाची कारणं साधीच होती : शिलाई मशीन, मुलीची फी, अब्बांचं ऑपरेशन.

ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला दिवसातून वीस वेळा विचारल्याने पैसे येत नाहीत. भीती मात्र येते. मग तो दुसरं कर्ज काढून पहिल्याचा हप्ता भरतो. वसुली एजंटला नेमकं हेच हवं असतं.

हे सगळं नियमाविरुद्ध आहे. रिझर्व्ह बँकेच्या १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार थकलेल्या कर्जासाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. बचत गटातल्या बायका घेतात त्या मायक्रोफायनान्स कर्जांना वेगळा नियम आहे : सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. धमकी, शिवीगाळ, चारचौघांत अपमान, नातेवाईक-मित्रांना त्रास, या सगळ्याला मनाई आहे. एजंट बाहेरच्या एजन्सीचा असला तरी जबाबदारी कर्ज देणाऱ्या संस्थेचीच. कर्ज देणाऱ्या अॅपने तुमच्या मोबाइलमधली संपर्क-यादी वाचायची नाही, हेही त्याच वर्षी ठरलं. वसुलीसाठी गुंड वापरू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने तर २००७ मध्येच बँकेला सुनावलं होतं.

मग फोन थांबत का नाहीत? कारण तक्रार करायला लाज वाटते, आणि ती लाज आपण जपून ठेवली आहे. मेहुण्याला फोन आला की तो एजंटला जाब विचारत नाही, बहिणीच्या घरी फोन करून तिलाच सुनावतो. मोहल्ल्यात कुजबूज होते. कुणीतरी विचारतोच, "व्याजाचं कर्ज घेतलंच कशाला?" प्रश्न विचारणाऱ्याने बिनव्याजी पाच हजार कधी कुणाला दिलेले असतात का? सूरह बकराच्या २८० व्या आयतीत तंगीत सापडलेल्या कर्जदाराला सवड द्यायला सांगितलं आहे. कर्ज माफ करणं त्याहून चांगलं म्हटलं आहे. जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जात बुडालेला माणूसही आहे. रमजानमध्ये आपण त्याला शोधतो का? व्याजावरचे बयान ऐकायला आपण पुढच्या सफमध्ये असतो, जकातीची यादी करताना मात्र शेजारचा कर्जदार आठवत नाही.

ज्यांना फोन येताहेत त्यांना माझं सांगणं एवढंच. नुसते नंबर ब्लॉक करून भागत नाही, दुसऱ्या नंबरावरून फोन येतो. एकदा फोन उचला, बोलणाऱ्याचं नाव आणि एजन्सी विचारा. तारीख, वेळ, काय बोलला ते वहीत लिहा. मेसेज आणि कॉलच्या यादीचे स्क्रीनशॉट ठेवा. मग बँकेच्या किंवा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. अडचण काय, किती रक्कम कधी देऊ शकता, हेही त्यात लिहा आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तक्रार मोफत आहे, वकील लागत नाही. माहितीसाठी फोन : १४४४८. धमकी आली, फोटो बिघडवून पाठवले, तर तीस दिवस थांबू नका. पोलीस ठाणे गाठा, ऑनलाइन फसवणूक असेल तर १९३० वर कळवा. तक्रारीने कर्ज माफ होणार नाही. पण घरात रात्री शांत झोप लागेल, आणि शांत डोक्यानेच हप्त्याचा हिशेब जमतो.

आणि फोन तुम्हाला आला, तुमच्या भावाच्या, भाचीच्या, शेजाऱ्याच्या नावाने? तुम्ही जामीनदार नसाल तर स्पष्ट सांगा : "हे कर्ज माझं नाही, मला फोन करायचा तुम्हाला अधिकार नाही. तुमचं नाव आणि एजन्सी सांगा, मी तक्रार करतोय." मग खरोखर तक्रार करा. आणि त्या घरी फोन करायचाच असेल, तर किती पैसे कमी पडताहेत ते विचारायला करा.