जिनिव्हात मागितलेला हक्क लातूरला द्या

ऑगस्ट 2021 मध्ये सोयाबीनच्या भावाने क्विंटलमागे दहा हजारांचा टप्पा ओलांडला होता. लातूर-नांदेडच्या शिवारात नवे पीक उभे होते. नेमक्या त्याच महिन्यात केंद्राने 12 लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली. पुढे खाद्यतेलावरचे आयात शुल्कही उतरवले. नवा माल आडतीवर आला, तेव्हा भाव जवळपास निम्म्यावर होता. सुगीत आवक वाढली की भाव उतरतो, हे शेतकऱ्याला ठाऊक असते. पण इथे सरकारनेही त्या उताराला धक्का दिला.

हाच देश जागतिक व्यापार संघटनेत गरीब शेतकऱ्याचा वकील म्हणून उभा असतो. 2003 मध्ये कानकुन परिषदेत भारताने ब्राझील, चीन, दक्षिण आफ्रिका यांच्यासह विकसनशील देशांचा जी-20 गट उभा केला आणि श्रीमंत देशांच्या अनुदानांवर बोट ठेवले. विकसनशील देशांच्याच जी-33 गटातून भारत विशेष संरक्षण तरतूद मागत आला आहे. आयात अचानक वाढली किंवा आयात मालाचा भाव कोसळला, तर शुल्क वाढवण्याचा हा हक्क. जुलै 2008 मध्ये संघटनेची जिनिव्हातील बोलणी याच मुद्द्यावर फिसकटली. भारताची ती भूमिका योग्यच होती आणि आजही आहे.

पण हाती असलेले हक्क आपण वापरतो का? जागतिक करारानुसार सोयातेलावर 45 टक्क्यांपर्यंत शुल्क लावता येते. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या सोयातेलावरचे एकूण शुल्क 27.5 टक्के झाले आणि मे 2025 मध्ये ते पुन्हा 16.5 टक्क्यांवर आणले गेले. 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4892 रुपये होता. बाजारातला दर त्याच्या बराच खाली राहिला. तुरीची निर्बंधमुक्त आयात 2021 पासून मुदतवाढीवर मुदतवाढ घेत चालली. उलट 2006 ते 2017 या काळात तुरीच्या निर्यातीला बंदी होती. माल बाहेर जाताना दार बंद आणि आत येताना सताड उघडे, याला मुक्त व्यापार म्हणत नाहीत.

शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी जागतिक व्यापार कराराच्या डंकेल प्रस्तावाला पाठिंबा दिला, तेव्हा त्यांच्यावर टीकेची झोड उठली. भारतीय शेतकऱ्याला अनुदान नव्हे, उणे अनुदान मिळते, म्हणजे सरकारी धोरणामुळे त्याच्या हाती जागतिक भावापेक्षा कमी पडते, हे त्यांचे म्हणणे होते. लातूरच्या सौद्यात ते आजही पटते.

शहरातल्या गरिबाला तेल-डाळ परवडली पाहिजे, यात दुमत नाही. पण तो भार रेशनमधून सरकारने उचलावा. कोरडवाहू शेतकऱ्याच्या पट्टीतून तो कापू नये. शिवाय क्विंटलभर सोयाबीनमधून तेल निघते साधारण 18 किलो, बाकी बहुतेक पेंडच. म्हणून तेलाच्या शुल्काइतकीच पेंडीच्या निर्यातीची काळजी घ्यावी लागेल.

जो नियम आपण जगाकडे मागतो, तो आधी घरी लागू करावा. बाजारभाव हमीभावाखाली गेला की आयात शुल्क आपोआप वाढावे. हा नियम पेरणीपूर्वी जाहीर व्हावा आणि हंगामाच्या मध्यावर बदलू नये. निर्यातबंदी तर कायमची सोडावी. मृगाचा पाऊस पडताच शेतकरी उधार-उसनवार करून चाड्यावर मूठ धरतो. तेव्हा त्याला दिलेला शब्द दिवाळीपर्यंत टिकला, तरच जिनिव्हात त्याच्या नावाने बोलण्याचा अधिकार दिल्लीला उरेल.