चमचाभर तिखट

ब्रिटनमधील भारतीय उपाहारगृहांत पदार्थाच्या नावावरून तिखटपणा ओळखण्याची रीत पडली आहे. कोर्मा सौम्य, मद्रास झणझणीत, विंदालू त्याहून जहाल आणि फाल सर्वांत जहाल. गोव्यातील विंदालूची मूळ ओळख सिरक्याच्या आंबटपणाची. तिकडे मात्र ते नाव तिखटाची पायरी होऊन बसले.

तेथील हौशी मंडळी हे पदार्थ घरी करतात आणि कृती एकमेकांना देतात. कृतीत लिहिलेले असते, ‘तिखट एक चमचा, चव मध्यम’. एकाच्या डब्यात काश्मिरी मिरचीची पूड असते, दुसऱ्याच्या डब्यात ‘एक्स्ट्रा हॉट’ असे छापलेली. पहिल्याने ज्याला मध्यम म्हटले, त्याच्या पहिल्याच घासाला दुसऱ्याच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. पुढच्या कृतीवर मग कोण विश्वास ठेवणार? वास्तविक खोटे कोणीच बोललेले नसते.

तिखट ही मुळात चव नव्हे. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य जिभेवरील उष्णता ओळखणाऱ्या ग्राहकालाच जागे करते. हा ग्राहक 1997 मध्ये शोधणारे डेव्हिड ज्युलियस 2021 च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. नित्य तिखट खाणाऱ्याची ही संवेदना बोथट होत जाते. म्हणजे साक्षीदारच बदलत राहतो.

डेट्रॉइट येथील एका औषध कंपनीतील विल्बर स्कोव्हिल यांनी 1912 मध्ये यावर तोडगा काढला. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात, तिखटपणा लागेनासा होईपर्यंत पातळ करत जायचा; निर्णय पाच जणांच्या जिभांचा, बहुमताने. एकाच माणसाच्या शब्दावर रक्कम मंजूर करू नये, हा पेढीवरचा जुना नियमच जणू प्रयोगशाळेत गेला! आता कॅप्सेसिनचे प्रमाण यंत्राने मोजतात.

गिऱ्हाईक मात्र अजून लाली पाहून तिखट घेते. रंग वेगळ्या द्रव्यांचा, तिखटपणा वेगळ्याचा. ब्याडगी मिरची गडद लाल असूनही सौम्य असते. या गैरसमजावरच भेसळ पोसली गेली. मिरचीपुडीत सुदान-1 हा खाण्यास निषिद्ध रंग सापडल्यावर युरोपीय संघाने 2003 मध्ये, तो नसल्याचा दाखला आयात मालासोबत सक्तीचा केला. तरीही 2005 मध्ये असल्या पुडीपायी ब्रिटनमधील दुकानांतून शेकडो खाद्यपदार्थ मागे घ्यावे लागले. तेव्हापासून सचोटीच्या व्यापाऱ्यालाही आपला शब्द कागदाने सिद्ध करावा लागतो.

तिकडचे जाणते हौशी आता कृतीत मिरचीची जात लिहितात आणि प्रथम अर्धाच चमचा घालायला सांगतात. महाराष्ट्रात उन्हाळी मसाल्याच्या दिवसांत मुरलेला दुकानदार याहून पुढे जातो. ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी यांचे प्रत्येक घराचे प्रमाण त्याला पाठ असते. तरी घरात नवी सून आली असल्याचे कानावर आले, की तराजूत लवंगी टाकण्यापूर्वी तो तिचे माहेर कोणत्या गावचे, ते विचारून घेतो.