आलिशान मोटारीचा भार कोणावर?

आलिशान सेडान मोटार ही ज्याच्या-त्याच्या ऐपतीची बाब आहे, असे सांगितले जाते. मागच्या आसनावर पाय किती पसरता येतात, खड्डा अंगाला कितपत जाणवतो, यावर मग तिची पारख चालते. ऐपतीचा हा दावा मात्र हिशेबाला टिकत नाही. अशी मोटार पुष्कळदा कंपनीच्या नावावर घेतली जाते. मग दरसाल 15 टक्के घसारा करपात्र नफ्यातून वजा होतो. इंधन, विमा, दुरुस्ती, चालकाचा पगार, सारे धंद्याच्या खर्चात. मालकाचे कुटुंब तिच्यातून लग्नाला जाते ते कोणत्या धंद्याचे काम, हे क्वचितच विचारले जाते. बुडालेला कर अखेर साबणाची वडी घेणाऱ्याकडूनच वसूल व्हायचा.

2025 साल या दृष्टीने बोलके ठरले. जानेवारीत महाराष्ट्रात एस.टी.चे भाडे 14.95 टक्क्यांनी वाढले. मार्चमध्ये 30 लाखांवरील विजेच्या मोटारींवर 6 टक्के कर सुचविला गेला आणि त्याच महिन्यात सरकारने तो मागेही घेतला. विजेच्या वाहनांना उत्तेजन हवे, हे कारण. चाळीस माणसे वाहणारी एस.टी. उत्तेजनास पात्र नाही काय? सप्टेंबरात 1500 सी.सी.हून मोठ्या सेडानवरील करभार अधिभारासह 48 टक्के होता, तो 40वर उतरला.

1967 ते 1975 या काळात खरेदी केलेल्या मोटारीच्या 25,000 रुपयांवरील किमतीला घसारा मिळत नसे. आजच्या किमती धरून तीच मर्यादा पुन्हा घालावी, अशी मागणी पक्षाने संसदेत आणि एस.टी.च्या प्रत्येक आगारासमोर केली पाहिजे.