चर्चगेटचे चर्च

चर्चगेट स्थानकावर रोज सकाळी लोकलमधून जो नोकरदारांचा आणि विद्यार्थ्यांचा लोंढा उतरतो, त्यातील किती जणांना या नावातील चर्च नेमके कोणते हे सांगता येईल? कोटाच्या ज्या दरवाजातून सेंट टॉमस चर्चकडे वाट जाई, तो दरवाजा तटबंदीबरोबर १८६० नंतरच्या दशकात जमीनदोस्त झाला. नाव तेवढे उरले. चर्च मात्र हॉर्निमन सर्कलजवळ, पेढ्या आणि बँकांच्या गर्दीत, आजही उभे आहे. मुंबईतील हे पहिले अँग्लिकन प्रार्थनामंदिर गोऱ्या साहेबांचे अवशेष म्हणून दुर्लक्षिण्यास सोपे आहे. पण ते तसे दुर्लक्षिले जाऊ नये.

गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर याने १६७६ साली या वास्तूचा पाया घातला. त्याच्या मृत्यूनंतर काम थांबले ते जवळजवळ चाळीस वर्षे. अर्धवट भिंती कंपनीच्या अनास्थेची साक्ष देत उभ्या राहिल्या. (सार्वजनिक बांधकामे रखडण्याची परंपरा या शहरात आजकालची नव्हे!) अखेर रिचर्ड कॉब नावाच्या धर्मोपदेशकाने वर्गणीसाठी कंबर कसली आणि १७१८ च्या नाताळात चर्च उघडले.

त्या दिवशीचा एक प्रसंग मराठी वाचकाने ध्यानात ठेवावा असा आहे. कंपनीचा विश्वासू म्हणून मान्यता पावलेला रामा कामाठी आपल्या ज्ञातिबांधवांसह या सोहळ्यास आला आणि उपासना संपेपर्यंत ही मंडळी तेथे उभी राहिली, असे कॉबने नोंदवून ठेवले आहे. हाच रामा कामाठी वाळकेश्वरच्या देवालयाचा जीर्णोद्धार करणारा. परधर्माच्या दाराशी आदराने उभे राहण्यात त्याला काही वावगे वाटले नाही. पुढे दोनच वर्षांत, १७२० साली, कान्होजी आंग्र्यांशी संगनमत केल्याच्या आरोपावरून त्याच्यावर खटला झाला, मालमत्ता जप्त झाली आणि कैदेतच त्याचा अंत झाला. ज्या पत्रांच्या आधारे त्याला दोषी ठरविले, ती बनावट होती हे नंतर उघडकीस आले. चर्च उघडले तेव्हा आणि खटला चालला तेव्हा गव्हर्नर एकच होता, चार्ल्स बून. कंपनीची धर्मनिष्ठा आणि कंपनीचा न्याय यांतील अंतर इतक्या स्पष्टपणे दाखविणारे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

आतील संगमरवरी स्मारकेही याच सावध दृष्टीने वाचावयास हवीत. गव्हर्नर जोनाथन डंकनच्या स्मारकावर काशी व काठेवाडातील बालहत्या बंद झाल्याची ग्वाही कोरलेली आहे. डंकनने त्या दिशेने प्रयत्न केले हे खरे. परंतु त्याच्या मृत्यूनंतर एकोणसाठ वर्षांनी, १८७० साली, मुलींच्या हत्येविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, हेही तितकेच खरे. दगडावर कोरलेले सगळेच खरे नसते. म्हणूनच इतिहासाच्या शिक्षकाला हे चर्च म्हणजे चालता-बोलता धडा आहे. पाठ्यपुस्तकाच्या बाहेर पडून पुरावा तपासावयास शिकविण्याची अशी जागा शहरात सहज मिळत नाही.

आता ते ‘अँग्लिकन’ तरी कितपत म्हणावे? २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा पंथांचे ऐक्य होऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले. रेव्हरंड ना. वा. टिळकांची मराठी भजने ज्या मंडळ्यांत वाढली, त्यांच्याही परंपरेचा प्रवाह त्यात मिळाला. गव्हर्नरांचे चर्च अशा रीतीने कायद्याने आणि व्यवहाराने देशी झाले. समोरच्या सर्कलचे नाव तर ब्रिटिश सत्तेवर टीका केल्यामुळे १९१९ साली हद्दपार झालेल्या एका इंग्रज संपादकाचे आहे. परका कोण आणि आपला कोण, हे ठरविणे वाटते तितके सोपे नाही.

प्रश्न आहे तो पुढच्या काळाचा. कोट विभागात आता वस्ती कमी, कचेऱ्या अधिक. रविवारी जेथे रस्तेच ओस पडतात, तेथील उपासकांच्या वर्गणीवर तीनशे वर्षांची इमारत किती काळ सांभाळावी? येथील जीर्णोद्धाराला २००४ साली युनेस्कोने गौरविले, ही समाधानाची बाब. पण पुरस्काराने पुढच्या पावसाळ्याची गळती थांबत नाही. वारसा-वास्तूंसाठी मुंबईत १९९५ साली नियम झाले. ते पाडापाडीला आळा घालतात, दुरुस्तीचा खर्च मात्र मालकाच्याच माथी राहतो. नाताळखेरीज वृत्तपत्रांनाही या वास्तूची आठवण होत नाही. दारासमोरील कारंज्याचा खर्च एकोणिसाव्या शतकात कावसजी जहांगीर या पारशी गृहस्थाने उचलला होता. आज सभोवतालच्या पेढ्यांना आणि बँकांना तेवढे औदार्य जड जाऊ नये. महापालिकेनेही अशा प्रार्थनास्थळांच्या देखभालीसाठी, मग ते चर्च असो, अग्यारी असो वा वाळकेश्वरचे देऊळ, कायम स्वरूपाचा निधी उभारावा आणि त्याचा हिशेब दरवर्षी जाहीर करावा.