नऊ मोठे की बारा?

दोस्तांनो, आज एक अगदी सोपा प्रश्न. नऊ मोठे की बारा? हसलात ना! पण संगणकाला हाच प्रश्न चुकीच्या रीतीने विचारलात, तर तो बेधडक सांगेल, ‘नऊ मोठे!’ कसं, ते पाहू या.

चला अकोला जिल्ह्यातल्या बार्शीटाकळीला. हा कापसाचा मुलूख. सरकारी खरेदीत कापसातला ओलावा आधी मोजतात. तो १२ टक्क्यांच्या वर गेला, की कापूस परत! समजा, तुम्ही घरच्यांसाठी पायथन भाषेत छोटासा प्रोग्रॅम लिहिलात. ओलावा विचारायचा, तो १२ पेक्षा जास्त असला तर ‘परत’, नाहीतर ‘चालेल’ असं छापायचं.

आजोबांनी ९ टाइप केले. आणि प्रोग्रॅम अडला! पडद्यावर आलं ‘टाइपएरर’. का बरं? ‘इनपुट’ने आणलेली कुठलीही गोष्ट पायथनच्या लेखी अक्षरं असते. तिला म्हणतात ‘स्ट्रिंग’. तुमचा १२ मात्र खराखुरा अंक. अक्षर आणि अंक यांत लहानमोठं कसं ठरवणार?

इथे बरेच जण एक घोटाळा करतात. १२ लाही अवतरणचिन्हांत घालतात. एरर गेली, सगळे खूष! पण आता दोन्हीकडे अक्षरं आहेत, आणि अक्षरांची तुलना शब्दकोशासारखी होते, पहिल्या अक्षरापासून. ९ समोर १२ मधला १. नऊ मोठे, म्हणून ‘परत’! आजोबा म्हणणारच, “अरे बाप्पा! कापूस त कडक वायला हाये, मंग परत काऊन?”

खरा उपाय सोपा आहे. इनपुटला आधी अंक करून घ्या:

ओलावा = फ्लोट(इनपुट())

(‘फ्लोट’ आणि ‘इनपुट’ हे शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे, बरं का!) ‘इंट’ फक्त पूर्णांक घेतो, ओलावा साडेनऊही असू शकतो, म्हणून इथे ‘फ्लोट’. आणि गंमत पाहा, आजोबांनी मराठी आकड्यांत ९.५ टाइप केलं, तरी ‘फ्लोट’ला ते कळतं! मात्र ‘९ टक्के’ असं लिहिलं तर तो अडतो.

पायथन पहिल्यांदा आली १९९१ साली. तिच्या जुन्या दुसऱ्या आवृत्तीत अक्षरं आणि अंक यांची तुलना केली तर ती अडायचीच नाही. अक्षरांनाच मोठं ठरवून मोकळी व्हायची! म्हणजे साऱ्या गावाचा कापूस परत. २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून ती थांबून एरर देते. तेव्हा दोस्तांनो, एररवर रागावू नका. थांबवणारी चूक बरी; गुपचूप खोटं उत्तर देणारी चूक घात करते.

आता तुमची पाळी. अवतरणचिन्हांतले १०० आणि १२ यांत मोठं कोण? आधी वहीत उत्तर लिहा, मग संगणकाला विचारा. भेटू पुढच्या आठवड्यात!