हात वर करणाऱ्यांची मोजणी

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. मधे डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग डॉक्टरांनी महिनाभर वाचन-लेखन बंद ठेवायला सांगितलं. (सौ.च्या मते त्या महिन्यात घरात फार शांतता होती.) असो.

विषय आमच्या वसाहतीचा आहे, पण थोडाफार सगळीकडचाच असावा. नातेवाईकांना नरडाणा सांगायला नको; इतरांसाठी म्हणून सांगतो. धुळ्याहून शिरपूरकडे निघालं की महामार्गावर लागतं. सुरत-भुसावळ लाईनचं स्टेशन आहे, शेजारी एमआयडीसी आहे. शिंदखेडा तालुका. गावालगत शेतं एन.ए. होऊन वसाहती झाल्या, त्यातल्या एकीत आम्ही राहतो. ले-आउट मंजूर होताना सोडलेली एक खुली जागा आमच्याकडेही आहे. तिथे आजवर बाभळी, बकऱ्या आणि गणपतीचे दहा दिवस मंडप, एवढंच काय ते पीक आलं.

परवा संध्याकाळी त्या जागेतल्या निंबाखाली बैठक झाली. ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र बांधायचं, एक खोली, पुढे पत्र्याची शेड, चार कॅरम, वर्तमानपत्रं, जमलं तर टीव्ही, असा विचार. अध्यक्षांनी विचारलं, "मान्य असेल त्यांनी हात वर करा." सगळे हात वर गेले. माझाही गेला. टाळ्या झाल्या, चहा झाला, आणि "वसाहतीचा एकमुखी पाठिंबा" असं वहीत लिहिलं गेलं.

घरी आलो. सौ. म्हणाली, "काय ठरलं?"

"सगळ्यांचा पाठिंबा आहे."

"सगळे म्हणजे कोण?"

मी मनातल्या मनात मोजले. वीसेक जण. सगळे पुरुष, सगळे पन्नाशीच्या पुढचे. नळाला पाणी येण्याची आणि भाकरी टाकण्याची वेळ, त्यामुळे बाई एकही नाही. दुसऱ्या पाळीला गेलेले कारखान्यातले भाडेकरू नाहीत. घरं तर चाळीसच्या वर.

"आणि पैसे कोण देणार?"

"ते नंतर ठरेल."

"अहो, मग हात कशाला वर केला?"

या प्रश्नावर रात्रभर तळमळलो, कारण हा गुन्हा माझ्या हातून आधीही घडलेला आहे. मुख्याध्यापक असताना पालकसभेत शाळेच्या रंगमंचासाठी लोकवर्गणीचा ठराव मी स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिला होता, "सर्वानुमते मंजूर". हजर होते अकरा पालक, त्यातले दोन मुलाचा दाखला न्यायला आलेले. त्या 'सर्वानुमता'च्या भरवशावर मी पाया खणून घेतला. वर्गणी आलीच नाही. पायातून वर आलेल्या सळया मी निवृत्त होईपर्यंत गंजत उभ्या होत्या आणि मुलं त्यांना दप्तरं अडकवत. दोष कोणाला देऊ? ठराव माझा, अक्षर माझं.

आपल्याकडे हात वर करणं हा सौजन्याचा भाग आहे, संमतीचा नव्हे. समोर बसलेला माणूस भाऊबंद असतो, सोयरा असतो, उद्या बांधावर भेटणार असतो. त्याच्या तोंडावर 'नाही' कसं म्हणायचं? म्हणून हात वर जातो आणि खिसा बंदच राहतो. ज्याला यात बेइमानी दिसते त्याने खेड्यात दोन वर्षं राहून पाहावं.

कायद्याची गंमत पाहा. ग्रामसभेला गणपूर्ती लागते ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. म्हणजे चार-पाच हजार मतदारांच्या गावाचा निर्णय शंभर माणसं घेऊ शकतात. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची गरजच राहत नाही! कायदा करणाऱ्यांचीही अडचण असेल, कामं खोळंबून कशी चालतील? ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूदही आहे, ती चांगलीच आहे. पण अशा सभेतला ठराव म्हणजे गावाचं मन, असं समजून कोणी इमारत बांधायला घेतली तर माझ्या सळयांसारखं व्हायचं.

उलट उदाहरणही आपल्याच महाराष्ट्रात आहे. दारूबंदीचं मतदान, आडवी बाटली आणि उभी बाटली. २००८ च्या नियमांप्रमाणे आधी २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी करायची, मग गुप्त मतदान होतं. दुकान बंद व्हायला नुसतं मतदानातलं बहुमत पुरत नाही, एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. जी बाई घरातून निघालीच नाही तिचं मत जणू उभ्या बाटलीला गेलं. हा नियम बायकांवर जाचक आहे असं मला वाटत आलं आहे. दारूचं दुकान उघडायला अशी परीक्षा नाही, बंद करायला मात्र आहे. पण त्या नियमामुळे एक गोष्ट घडते. बायका दारोदार हिंडतात, नवऱ्याच्या धाकात असलेल्या शेजारणीलाही विचारतात, म्हातारीला रिक्षात घालून आणतात. त्या दिवशी मोजणी खरी होते.

आमचं काम साध्या कॅरमचं. तरी म्हटलं, एकदा दार वाजवून पाहावं.

दोनशे पानी वही घेतली, प्रत्येक घराला एक पान. प्रश्न तीन. केंद्र झालं तर तुमच्या घरातून कोण, आठवड्यातून किती वेळा येईल? सुरुवातीला किती रुपये द्याल आणि नंतर दरमहा किती? आणि उघडणं-झाडणं-कुलूप लावणं यासाठी आठवड्यातला एक दिवस तुमच्या घरचं कोणी घेईल का? (मुलगा म्हणाला, "बाबा, व्हॉट्सअॅपवर फॉर्म पाठवा, अर्ध्या तासात काम होईल." होईल खरं. पण वसाहतीच्या ग्रुपवर आहेत कोण? तेच, हात वर केलेले!)

पहिल्या प्रश्नाला उत्तरं भरभरून आली. दुसऱ्या प्रश्नाला माणसं घड्याळाकडे बघायला लागली. "सरकारी निधी मिळेल ना, गुरुजी?" हे वाक्य इतक्या घरी ऐकलं की पुढे पुढे मी ते वहीत 'स.नि.' असं लिहायला लागलो.

निधी मिळतोही. खासदार निधी १९९३ पासून आहे, आमदार निधी आहे, '२५१५' नावाने सगळ्या सरपंचांना पाठ असलेलं लेखाशीर्ष आहे. त्यांतून गावोगाव सभामंडप झाले. त्यांतले काही फार चांगले चालतात, तिथे लग्नं होतात, सप्ताह बसतात. पण आपल्या खानदेशात फिरताना डोळे उघडे ठेवले तर कडब्याने भरलेला, वीज तोडलेला, दाराला कुलूप आणि कुलपाला गंज असा एखादा दिसतोच. बांधायला एकदाच पैसे लागतात. दिव्याचं बिल दर महिन्याला येतं, आणि त्यासाठी कोणी निधी देत नाही. म्हणून 'बांधू का?' हा प्रश्न मला अपुरा वाटतो. आयत्या इमारतीला नको कोण म्हणेल?

२००३ साली राज्यात जलस्वराज्य प्रकल्प आला तेव्हा पाणीयोजनेच्या भांडवली खर्चाच्या दहा टक्के गावाने भरायचे, आदिवासी गावांनी पाच टक्के, अशी अट होती. तेव्हा आम्ही मास्तर मंडळी त्यावर टीका करायचो, पाणी देण्यासाठी सरकार गरिबाकडून पैसे का मागतं म्हणून. आज थोडं वेगळं वाटतं. स्वतःचे शंभर रुपये गुंतलेला माणूस नळाची तोटी तुटली तर बोलतो.

पण इथे मी अडखळलो, आणि ते कबूल केलं पाहिजे. तिसऱ्या गल्लीत एक बाई राहतात, नवरा गेलेला, शेतमजुरी करतात. मी प्रश्न वाचून दाखवले. त्या हसल्या. "आमले कोन इचारस, गुरुजी? तुम्हीच पयले उनात." मग पदराच्या गाठीतून पन्नासची नोट काढायला लागल्या. मी घेतली नाही, नुसतं विचारायला आलोय म्हटलं. त्याच दिवशी दोन मजली घरातून 'पाच हजार लिहून घ्या' असं फोनवर बोलता बोलता सांगितलं गेलं होतं. आता वहीत बेरीज करायची ती कशी? रुपयांनी मोजलं तर बाईंचा पाठिंबा त्या घराच्या शंभरावा हिस्सा. मला तर तो मोठा वाटला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेत मुष्टिफंड असे, घरची बाई दळणातलं मूठभर धान्य बाजूला काढून ठेवी. मूठ सगळ्यांची सारखीच. वर्गणी घ्यायचीच तर अशी काही युक्ती काढावी लागेल, नाहीतर पाच हजारवाल्याला केंद्र आपल्या बापाचं वाटेल आणि पन्नासवाल्या बाईंना उंबऱ्याशी उभं राहावं लागेल.

त्याच बाईंनी चौथा प्रश्न दिला. "कॅरम तुमना. आमना करता काय?" मी निरुत्तर. नंतरच्या घरांत मीच विचारायला लागलो की हे नको असेल तर त्या जागेवर काय हवं? वही एकदम बोलायला लागली. सुनांना आणि मुलींना संध्याकाळी फिरायला दिवे हवे आहेत. बसायला चार बाक हवेत. कार्यक्रमाच्या वेळी बायकांसाठी संडास हवा, ही गोष्ट तर आम्हा वीस पुरुषांपैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती. कंपनीतल्या पोरांना रात्री व्हॉलीबॉलची जाळी हवी. एका म्हाताऱ्या जिजींनी सांगितलं, तो निंब तेवढा तोडू नका, आखाजीला पोरी माहेरी आल्या की झोका कुठे बांधतील? नकाशात निंब नेमका खोलीच्या जागी येतो. तिथे बसून आम्ही ठराव केला होता, त्याच्याच सावलीत.

विरोध करणारेही भेटले. एकाने स्पष्ट सांगितलं की पत्त्यांचा अड्डा होईल. त्यांचं पान मी जपून ठेवलं आहे. १९३२ साली गुरुवायूरच्या मंदिरप्रवेशासाठी पोन्नानी तालुक्यात घरोघर जाऊन लोकांचं मत घेतलं होतं. सुमारे वीस हजार लोकांनी मत दिलं, पाऊण हिश्शाहून थोडे जास्त बाजूने. मला त्यातली आवडलेली गोष्ट म्हणजे विरोधकांसारखीच तटस्थांचीही वेगळी मोजणी ठेवली होती. केवढा मोठा तो प्रश्न, आणि केवढा लहान आमचा. पण गप्प बसलेल्याला आपल्या बाजूला ओढून मोजायचं नाही, हा रिवाज लहान कामातही पाळता येतो.

तर माझं मत आता असं झालं आहे की खोली आत्ता बांधू नये. दिवे, बाक, संडास आणि जाळी आधी व्हावी, निंब राहावा. वर्षभर दरमहा ठरलेली वर्गणी खरोखर जमते का, झाडलोटीच्या पाळ्या चालतात का, ते पाहावं. जमलं तर खोलीसाठी निधी मागायला मी स्वतः चपला झिजवीन.

हे लिहिणं मला सोपं गेलेलं नाही. विरंगुळा केंद्र हवं होतं ते मलाच. माझ्या बरोबरीचे चौघे गेल्या तीन वर्षांत गेले. दुपारी दोन ते पाच हा वेळ कसा काढायचा हे सत्तरीनंतर कळतं, त्याआधी कोणाला सांगून उपयोग नाही. कॅरमची सोंगटी पडल्याचा आवाज मला ऐकायचा होता. बैठकीत हात वर गेला तो त्यासाठीच.

अध्यक्ष जरा नाराज आहेत. "गुरुजी, एकमुखी पाठिंबा होता, तुम्ही घोळ घातला," म्हणाले. वही त्यांना दिली आहे वाचायला. अजून तीन घरं राहिली आहेत, कापूस वेचणी चालू असल्याने माणसं भेटत नाहीत.

चौथं राहिलेलं पान आमच्याच घराचं. त्यावर मी पहिल्याच दिवशी तिन्ही प्रश्नांची उत्तरं लिहून टाकली होती, दोघांची मिळून. काल सौ.ने ते पाहिलं, चष्मा लावून नीट वाचलं, आणि म्हणाली, "माझं खोडा. मला विचारायला या."